वसईचा दुभाषी जपानात

फेब्रुवारी महिना उजाडला की नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराकडे जाणाऱ्या वाटा गजबजू लागतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरणाऱ्या यात्रेसाठी मुंबई, वसई, गोवे अशा दूरदूरच्या ठिकाणांहून भाविक येतात. मेणबत्त्या, नवस, निरनिराळ्या भाषांतील मिस्सा, आणि घरोघरी उतरलेले पाहुणे! या धामधुमीच्या थोडे आधी, ६ फेब्रुवारीस, संत गोन्सालो गार्सिया यांचा स्मरणदिन येतो आणि आमच्याकडे बहुधा गाजावाजा न होता निघून जातो. एका वर्षी त्या दिवशीच्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, "फादर, गोन्सालो आपला होता की पोर्तुगीजांचा?" मी त्याला चटकन सांगून टाकले, "आपला! वसईचा!" मुलगा समाधानाने निघून गेला, माझे मात्र समाधान झाले नाही. त्या प्रश्नाचे खरे उत्तर वसईत पुरते सापडत नाही. ते शोधावयास जपानातच जावे लागते, कारण गोन्सालोंच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे तेथे, परक्या माणसांत, परका म्हणून गेली.

सोळाव्या शतकातील वसई डोळ्यांपुढे आणू या. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांच्या हाती आली. किल्ला उभा राहिला. स्थानिक स्त्रियांशी विवाह करून येथेच स्थायिक झालेल्या पोर्तुगीज शिपायांची घरे वसली. त्यांना कझादो म्हणत. अशाच एका घरात १५५७ च्या सुमारास गोन्सालोंचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज शिपाई, आई येथल्या मातीतली. घराच्या ओसरीवर एक भाषा आणि माजघरात दुसरी! किल्ल्यातील येशूसंघीयांच्या देवालयात आणि त्यांच्या शाळेत मुलगा वाढला. त्या देवालयाचे भग्न पण भव्य दर्शनी अंग आजही उभे आहे आणि लोक त्याला गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणूनच ओळखतात. पंधरा वर्षांचा असताना, १५७२ मध्ये, फादर सेबास्तियन गोन्सालविस यांच्याबरोबर हा मुलगा जपानकडे निघाला.

जपान हे नाव तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर अगदीच अपरिचित नव्हते. संत फ्रान्सिस झेविअर यांना मलाक्का येथे अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ भेटला होता. आपल्या हातून घडलेल्या मनुष्यवधाच्या पश्चात्तापाने तो झेविअरांचा शोध घेत आला होता. १५४८ च्या पेंटेकॉस्ट सणाच्या दिवशी गोव्यात त्याचा स्नानसंस्कार झाला, पावलू द सांता फे असे नाव त्याला मिळाले, आणि सेंट पॉल महाविद्यालयात तो शिकला. पुढील वर्षी त्यालाच सोबत घेऊन झेविअर १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा बंदरात उतरले.

या पहिल्या प्रवासातच भाषेचा फटका कसा बसतो ते दिसून आले. परमेश्वराला जपानी भाषेत काय म्हणावे, असे विचारता अंजिरोने 'दाइनिची' हा शब्द सुचविला. झेविअर रस्त्यारस्त्यावर उभे राहून दाइनिचीची उपासना करा असे सांगू लागले. हे एका बौद्ध पंथाच्या उपास्य बुद्धाचे नाव आहे, हे त्यांना बऱ्याच काळाने कळले. तेव्हा त्यांनी तो शब्द टाकून दिला आणि 'देउस' हा लॅटिन शब्दच वापरावयास सुरुवात केली. तर जपानी भिक्षूंनी त्यावर कोटी केली : हे 'देउसु' नव्हे, 'दाई उसो' आहे, म्हणजे मोठे खोटे! एक शब्द चुकला तर सारे शुभवर्तमान परके होऊन बसते, हा धडा त्या पिढीला असा मिळाला.

गोन्सालो जपानात पोहोचले तेव्हा तेथील येशूसंघीय कार्याची सूत्रे फादर फ्रान्सिस्को काब्राल यांच्या हाती होती. काब्राल यांचे मत असे की, जपान्यांनी आपल्या चालीरीती शिकाव्यात. आपण त्यांच्या शिकण्याचे कारण नाही. बाहेरून आलेल्या धर्मगुरूंना जपानी भाषा नीट येणे शक्यच नाही, असेही त्यांना वाटे. १५७९ मध्ये वरिष्ठ निरीक्षक म्हणून आलेले फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी ही दिशा पालटली. जपानात राहावयाचे तर जपान्यांप्रमाणे राहा, असा त्यांचा आग्रह होता. कोणासमोर किती लवून नमस्कार करावा, जेवताना कसे बसावे, घर किती स्वच्छ ठेवावे, याचे त्यांनी नियमच लिहून काढले. प्रत्येक मठात पाहुण्यांसाठी चहाची खोली असावी आणि आवारात डुकरे वा गायी पाळू नयेत, असेही त्यांनी बजावले. १५६३ पासून जपानात असलेले फादर लुईस फ्रोइस यांनी तर १५८५ मध्ये युरोपीय व जपानी रीतींची तुलना करणारे एक टिपणच तयार केले. आम्ही हाताने जेवतो, ते लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. आमच्या सुतकाचा रंग काळा, त्यांचा पांढरा. अशा शेकडो नोंदी त्यात आहेत.

या नोंदी वाचताना मराठी माणसाला एक गंमत जाणवते. दाराशी पादत्राणे काढणे, जमिनीवर बैठक मारणे, पानात भात वाढणे, वडीलधाऱ्यांपुढे लवणे. यांतले लिस्बनहून आलेल्या माणसाला जे मुद्दाम शिकावे लागले, त्यातले किती तरी वसईच्या मुलाला आईच्या घरी मिळालेले होते. भाषेचेही तसेच. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, जसे आपल्या वाक्यात येते. 'घरात', 'घराहून', 'घरासाठी' असे आपण नामाच्या मागे जे जोडतो, ते जपानी माणूसही मागेच जोडतो. पोर्तुगीज माणूस मात्र ते आधी बोलतो. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' असे मानाचे भेद आहेत. जपानी भाषेत तर मानाप्रमाणे क्रियापदच बदलते. शब्द वेगळे, पण वाक्याची वीण ओळखीची! आईची बोली ज्याच्या कानात मुरली होती त्या मुलाला जपानी भाषा लवकर अवगत झाली यात नवल वाटावयास नको. जपानी भाषेचा मोठा शब्दकोश नागासाकीत छापला गेला तो १६०३ मध्ये आणि व्याकरणाचे छापील पुस्तक त्यानंतर. गोन्सालोंनी ही भाषा पुस्तकावरून घेतली नाही. ती माणसांकडून आणि मुलांकडून घेतली. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून काम केले. मुलांना ते प्रिय होते, असे परंपरा सांगते.

येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. ज्या १५७९ साली वालिन्यानो जपानात उतरले, त्याच साली ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज तरुण गोव्यास आला. पुढे त्याने मराठीत क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे एक परका मनुष्य आपली भाषा शिकण्याच्या उंबरठ्यावर होता, त्याच वेळी आपल्या भूमीतला एक तरुण दुसऱ्या परक्या भूमीत तिथली भाषा बोलत हिंडत होता. स्टीफन्स यांचे ऋण आपण अभिमानाने सांगतो. गोन्सालोंनी ग्रंथ लिहिला नाही; म्हणून त्यांच्या या कर्तृत्वाकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

आता एक कटू गोष्ट. गोन्सालोंना येशूसंघात प्रवेश हवा होता. तो त्यांना मिळाला नाही. ज्यांच्या शाळेत ते शिकले, ज्यांच्यासाठी त्यांनी तारुण्याची वर्षे वेचली, त्यांनीच दार उघडले नाही. त्या काळी आशियातील संन्यस्त संघ भारतीय आईच्या पोटी जन्मलेल्यांना प्रवेश देण्यास फार नाखूष असत. जपान्यांविषयी एवढी उदार दृष्टी बाळगणारे वालिन्यानोसुद्धा भारतीयांविषयी आणि मिश्र रक्ताच्या लोकांविषयी अनुदार शब्द लिहून गेले आहेत. येशूसंघाने या देशासाठी पुढे जे केले ते आपण जाणतो आणि त्याविषयी कृतज्ञ आहोत. परंतु संतांचा इतिहास सांगताना त्यांच्या जखमा झाकून ठेवण्याचे कारण नाही. विचार केला तर मन थक्क होते : आईकडून आलेले जे अर्धे अंग प्रवेशाच्या आड आले असावे, त्याच अर्ध्या अंगाने त्यांना जपानात चालावयास, बसावयास, बोलावयास शिकविले होते.

निराश झालेले गोन्सालो व्यापारात पडले. व्यापार भरभराटीस आला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचे येणेजाणे सुरू झाले. पण मन रमले नाही. अखेर फिलिपाईन्समध्ये मनिला येथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संघाच्या गरीब धर्मबंधूंशी पडली, आणि १५८८ च्या सुमारास ते त्या संघात बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, शेवटपर्यंत बंधूच राहिले.

इकडे जपानात तोयोतोमी हिदेयोशीने देश एकछत्री आणला होता. आपल्या अनेक पुस्तिकांत त्याला बादशहा किंवा शोगुन म्हटलेले आढळते; तो यांपैकी कोणीच नव्हता. सम्राट क्योटोच्या राजवाड्यात नावापुरता होता आणि सत्ता हिदेयोशीच्या हाती होती. सातारचे छत्रपती आणि पुण्याचे पेशवे हे नाते आठवले की आपल्याला हे लगेच उमगते. हिदेयोशी जन्माने साध्या घरातला. पराक्रमाने वर चढलेला. तो 'तायको' या किताबाने ओळखला जाई. १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असे फर्मान काढले, पण ते कडकपणे अमलात आणले नाही. १५९२ मध्ये त्याने कोरियावर स्वारी केली आणि फिलिपाईन्सनेही आपले मांडलिकत्व पत्करावे अशी मागणी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे केली. गव्हर्नरांनी उत्तरादाखल १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठविले. सोबत मोजके धर्मबंधू होते. दुभाषी होते बंधू गोन्सालो.

कोरियाच्या मोहिमेसाठी हिदेयोशीची छावणी क्यूशू बेटावरील नागोया येथे पडली होती. तेथे ही भेट झाली. एका बाजूस आशियाचे स्वामित्व मागणारा तायको, दुसऱ्या बाजूस अनवाणी संन्यासी, आणि मध्ये वसईचा माणूस! धमकीचे शब्द मऊ करावेत तर खोटेपणा. जसेच्या तसे सांगावेत तर प्राणाशी गाठ. दुभाष्याला स्वतःचे मत नसते असे आपण म्हणतो, पण दोन्ही बाजूंचा राग प्रथम त्याच्याच अंगावर येतो. भेट निभावली. धर्मबंधूंना क्योटोत राहण्याची अनुमती मिळाली. १५९४ मध्ये तेथे त्यांचे देवालय उभे राहिले. जवळच त्यांनी रुग्णालये काढली. त्यांत कुष्ठरोग्यांची सेवा होऊ लागली. रस्त्यात टाकून दिलेल्या त्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा मनुष्य मठात होता, हे त्यांचे केवढे भाग्य!

येथेही एक जुना तंटा होता. १५८५ मध्ये परमगुरूस्वामी तेरावे ग्रेगरी यांनी जपानातील कार्य येशूसंघाकडेच राखून ठेवले होते. फ्रान्सिस्कन वकील म्हणून आले आणि राहून गेले, हे येशूसंघीयांना रुचले नाही. वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. दोन्ही संघ प्रभूचेच, पण परक्या भूमीतही माणसे आपापल्या सीमा सोबत घेऊन जातात.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या तोसा किनाऱ्यास लागले. मालाने भरलेले ते गलबत जप्त झाले. मिशनरी पुढे पाठवून मागाहून सैन्य आणण्याची स्पेनची रीत आहे, असे गलबताच्या नावाड्याने म्हटल्याची बातमी पसरली. तो नेमके काय बोलला यावर आजही वाद आहे. परिणामाविषयी मात्र वाद नाही. डिसेंबरात क्योटो व ओसाका येथील मठांना पहारे बसले. ३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. नाक व दोन्ही कान कापण्याचा हुकूम होता. एका दयाळू अधिकाऱ्याने तो एवढ्यावर आणला. मग गाड्यांतून धिंड, आणि त्यानंतर भर हिवाळ्यात सुमारे महिनाभराची नागासाकीपर्यंतची वाट. ओसाकाहून मोजली तरी ही वाट नाशिकहून मुंबईला जाऊन-येऊन पुन्हा जाण्याहूनही अधिक भरते. वाटेत सेवा करावयास सोबत आलेले दोन ख्रिस्ती पुरुषही बंदिवानांत धरले गेले. चोवीसांचे सव्वीस झाले.

हे सव्वीस कोण होते? सहा फ्रान्सिस्कन परदेशी होते : चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा फिलिप, आणि वसईचे गोन्सालो. उरलेले वीस जपानी होते. त्यांत तीन येशूसंघीय आणि सतरा प्रापंचिक श्रद्धावंत. सर्वांत लहान लुईस बारा वर्षांचा होता. शिक्षेच्या फलकावर लिहिले होते की, हे लोक फिलिपाईन्सहून वकिलाचे निमित्त करून आले आणि मनाई असलेला धर्म शिकवीत राहिले. म्हणजे आरोप होता परकेपणाचा! म्हणूनच येशूसंघीय बंधू पॉल मिकी यांनी क्रुसावरून लोकांना प्रथम हेच सांगितले की, मी फिलिपाईन्सहून आलेलो नाही, मी जन्माने जपानी आहे. आणि मग शिक्षा देणाऱ्यांना क्षमा केली.

तो दिवस होता ५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रूस मांडून ठेवले होते. गोन्सालो तेथे सर्वांच्या आधी पोहोचले, असे वृत्तान्त सांगतात. ते सरळ एका क्रुसाजवळ गेले आणि हा माझा का, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर आले. दुसरा क्रूस दाखविण्यात आला. तेव्हा गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली. हा प्रसंग आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. त्यातील एका साध्या गोष्टीकडे मात्र माझे लक्ष फार उशिरा गेले. त्यांनी हा प्रश्न विचारला असेल तो कोणत्या भाषेत? क्रूस नेमून देणारे शिपाई जपानी होते. तेव्हा या दुभाष्याच्या तोंडून निघालेल्या अखेरच्या वाक्यांपैकी एक वाक्य जपानी असणार. पंधराव्या वर्षी जी भाषा शिकावयास प्रारंभ केला, तिच्यातच चाळिसाव्या वर्षी त्यांनी आपला क्रूस मागून घेतला. हात, पाय व गळा लोखंडी कड्यांनी जखडण्यात आला. भाले दोन्ही बाजूंनी आले.

त्या टेकडीवर काही क्षणांपुरत्या सगळ्या सीमा पुसल्या गेल्या. फ्रान्सिस्कन आणि येशूसंघीय एका रांगेत होते. यजमान आणि परके एका रांगेत होते. त्यांच्याजवळ उभे राहून धीर देणाऱ्यांत येशूसंघाचे जुआंव रॉड्रिग्ज होते. तेही असेच लहान वयात जपानात येऊन तिथली भाषा शिकलेले, हिदेयोशीचे दुभाषी. वृत्तान्त लिहून ठेवणारे लुईस फ्रोइस त्याच वर्षी जुलैत नागासाकीत मरण पावले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १६२७ मध्ये परमगुरूस्वामी आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्षींना धन्य घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, नववे पायस यांनी संतपद दिले. जपानात १६१४ पासून ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी आली होती. देश पुन्हा उघडल्यावर नागासाकीत ओउरा येथे जे देवालय बांधले गेले ते याच सव्वीस संतांना वाहिलेले होते. १७ मार्च १८६५ रोजी त्या देवालयाच्या दारी काही जपानी शेतकरी आले आणि आम्हीही त्याच श्रद्धेचे आहोत असे त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले. अडीचशे वर्षे, धर्मगुरूंवाचून, त्यांनी श्रद्धा जपली होती. निशिझाकावर १९६२ मध्ये सव्वीस संतांचे स्मारक उभे राहिले. १९८१ मध्ये संत दुसरे जॉन पॉल आणि २०१९ मध्ये परमगुरूस्वामी फ्रान्सिस तेथे नतमस्तक झाले. तेथे कोरलेल्या सव्वीस आकृतींमध्ये एक आपल्या वसईची आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. गोन्सालो आपला होता की पोर्तुगीजांचा? २००८ मध्ये संत अल्फोन्सा यांना संतपद मिळाले तेव्हा त्या पहिल्या भारतीय संत म्हणून गौरविल्या गेल्या आणि वसईकरांना गोन्सालोंची आठवण करून द्यावी लागली. पहिला कोण, हा वाद मला फारसा मोलाचा वाटत नाही. गोन्सालो वसईत पोर्तुगीज शिपायाचा मुलगा होते, पोर्तुगिजांच्या संघांना हिंदी बाईचा मुलगा होते, जपान्यांना दक्षिणेकडून आलेले परदेशी होते आणि मनिलात नवशिके बंधू होते. असा मनुष्य कुरकुरत आयुष्य काढू शकला असता. त्यांनी त्याऐवजी समोरच्याची भाषा शिकून घेतली आणि दोन माणसांच्या मध्ये उभे राहण्याचे काम पत्करले. ते आपले आहेत, कारण त्यांची आई आपली होती. ते जपानचेही आहेत, कारण त्यांनी त्या देशाची भाषा आणि त्याचा क्रूस आपला मानला.

आमच्या नाशिकच्या धर्मग्रामांत ओझरच्या विमान कारखान्यासाठी, नाशिकरोडच्या छापखान्यांसाठी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी आलेली कुटुंबे आहेत. कोणी वसईचे, कोणी नगर जिल्ह्यातले, कोणी मराठवाड्यातले, कोणी गोव्याचे, कोणी केरळ-तामिळनाडूचे. एकाच बाकावर बसून आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि मिस्सानंतर अंगणात आपापल्या भाषेचे घोळके करून उभे राहतो. त्यात फार मोठे पाप आहे असे नाही, मनुष्यस्वभावच आहे. पण ६ फेब्रुवारीच्या मिस्सानंतर तरी आपण दुसऱ्या घोळक्यापर्यंत चार पावले चालून जावे आणि त्यांच्या भाषेतला एखादा शब्द विचारून घ्यावा. वसईच्या त्या पंधरा वर्षांच्या मुलाने जपानात प्रथम हेच केले असेल.